आबांची बंदूक

कासारवाडी, ९ सप्टेंबर १९५६

तीर्थरूप दादांच्या पायी ज्योतीरामचा नमस्कार.

मी खुशाल आहे. कारखान्यात कायम झालो. वहिनींचा खोकला थांबला का?

आमचे घरमालक सोपानराव फार सज्जन. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. सोमवारी बांधावरून भावाशी वाद वाढला आणि त्यांनी तीच उचलली. भावाचा पाय गेला. पोलीस नेत असताना मला म्हणाले, "ती घरात नसती, तर म्या नुसत्या शिव्या दिल्या असत्या."

तेव्हापासून मला चैन नाही. डुकरं भुईमूग उकरतात, हे कळतं. पण आबांची बंदूक आपल्या भिंतीवर आहे, आणि चुलत्यांशी तुमचं बोलणं बंद आहे. ती पोलीसठाण्यात जमा करा. राखणीला मी येतो, रजा मिळो न मिळो.

तुमचा धाकटा,
ज्योतीराम