लाल गर

१० ऑगस्ट

सकाळीच चार वेळा. काल एकदाही नाही. परवा शेळीच्या लेंड्यांसारखं. इथे लिहितो, कारण सांगणार कुणाला? बायको, सू-छिन, असती तर न्हाणीच्या दाराबाहेरूनच ओरडली असती — "झालं का पोट साफ?" एरवी लाजाळू बाई, पण हा प्रश्न विचारताना कधी लाजली नाही.

कारण उघड आहे. ती गेल्यापासून ताई इथे राहायला आलीय आणि सुतकाचे शंभर दिवस घरात मासमटण बंद. टोफू, आळंबी, पाला, पुन्हा टोफू. पोटाने तरी काय करावं!

१४ ऑगस्ट

धाकट्या भावाने, अ-खुनने, त्याच्या बागेतली ड्रॅगनफ्रूटची पेटी पाठवली. फोनवर म्हणाला, "दादा, सगळी लाल गराची आहेत. मध आहे मध! आधी वहिनीच्या फोटोपुढे ठेव, मग तू खा."

ताईने ठेवली असतील. दुपारी फोडींचा डबा माझ्या टेबलावर आदळला. "खा. नुसता कागदांकडे बघत बसतोस." प्रुफं वाचता वाचता संपवल्या. गोड होत्या का? ठाऊक नाही. हल्ली सगळ्याला ओल्या पुठ्ठ्याची चव.

१७ ऑगस्ट

लाल! संडासाचं सगळं भांडं लाल.

क्षणभर तसाच उभा राहिलो. मग आठवलं — ड्रॅगनफ्रूट. दर उन्हाळ्यात आमच्या ताइनान शहरात कुणी ना कुणी हा रंग बघून इस्पितळात धावतं आणि डॉक्टरला हसवून परत येतं. मीच कधीतरी त्यावर पेपरात चौकट लिहिली होती. पाणी सोडलं.

२० ऑगस्ट

संपादक त्साईबाईंचा फोन. "श्यू सर, आरोग्याच्या पानावर भोक पडलंय. शौचाच्या सवयी बदलल्या तर काय, कशामुळे, असं काहीतरी. उद्या दुपारपर्यंत. तुमच्या तर डाव्या हातचा मळ!" मग स्वतःच हसल्या.

रात्रीच्या आत लिहून टाकला. खाण्यातला बदल, कमी पाणी. औषधं — मधुमेहाच्या काही गोळ्यांनी पातळ होतं, लोहाच्या गोळ्यांनी घट्ट. मनावरचा ताण. जंतुसंसर्ग, थायरॉइड, आतड्याची सूज. आणि शेवटी, वाचकाला न घाबरवता, कर्करोग. बदल काही आठवडे टिकला, वजन उतरलं, रक्त दिसलं तर डॉक्टरकडे जा. पन्नाशी उलटली असेल तर मुळीच थांबू नका.

शेवटचं वाक्य चांगलं बसलं. पाठवला. जेवलो. पट्टा आणखी एक भोक आत घेतला.

२३ ऑगस्ट

भुतांचा महिना सुरू झाला; मेलेले आता महिनाभर मोकळे हिंडणार. ताईने दारापुढे टेबल मांडून उदबत्त्या लावल्या, कागदी नोटा जाळल्या. मी उभा होतो. विजार सावरताना तिने पाहिलं.

"अरे, घसरतेय ती! दाखव की कुणाला तरी."

"दाखवतो."

"आत्ता नको! या महिन्यात इस्पितळाची पायरी चढतात का? तिथे हिंडणारे आधीच काय थोडे आहेत? महिना उलटू दे."

बरं, म्हणालो. हो म्हणायला कष्ट पडत नाहीत.

२९ ऑगस्ट

पुन्हा लाल. डबा रोज येतोच. ठीक.

४ सप्टेंबर

लेख छापून आला. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने रस्त्यातच गाठलं. "श्यू सर, तुमचं वाचून नवऱ्याला दंडाला धरून नेला! मूळव्याध निघाली. दोन दिवस तोंड लपवून बसलाय!" आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. मीही हसलो. म्हणजे तोंड तसं केलं. तिने आल्याचा गड्डा फुकट दिला.

घरी येऊन आडवा झालो. पोट तटतटलेलं. टोफू.

९ सप्टेंबर

अ-खुन जेवायला आला. नेहमीचा बडबड्या. "काय दादा, कशी होती फळं? बोल ना, कौतुक कर जरा!"

"चांगली. रंग अजून सुटतोय."

ताईचा डाव सूपच्या पातेल्यातच थांबला. "कसला रंग?"

"लाल. दुसरा कसला?"

"लाल गर? शुभाचा रंग, सुतकाच्या घरात? ती पेटी मी त्याच दिवशी समोरच्या चहावालीला देऊन टाकली. तू खातोयस तो पांढरा गर. मी बाजारातून आणते."

"माझी फळं चहावालीला?" अ-खुन ओरडला. "आणि साल तर पांढऱ्याचीही लालच असते, ताई!"

"साल कोण खातं रे?"

तो हसायला लागला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि थांबला. ताईने डाव खाली ठेवला. "अ-श्योंग," ती म्हणाली, "कधीपासून?"

मी सूप संपवलं.

१० सप्टेंबर

डबा उघडून बघितला. पांढऱ्या फोडी, तिळाएवढे काळे दाणे. रोज समोर होत्या.

इस्पितळात फोन केला. भुतांच्या महिन्यात रांगच नसते — उद्या सकाळी या, म्हणाले. ताई बरोबर येतेय, खिशात मंदिराचा ताईत घेऊन. एक फोड तोंडात टाकली. गोड आहे.

सू-छिन, मला इतक्यात तिकडे यायचं नाही!