पहिली पंगत

४ जून १९९१, मंगळवार
आज पहाटे शांताच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. अंग जड झाल्याने तिला वाकता येत नाही, पोट आडवं येतं. ती ओट्यावर, मी खालच्या पायरीवर. नळावर बायका होत्या. शेजारच्या मोरेवहिनी म्हणाल्या, "भाऊ, आता वेणी पण घाला." म्हटलं, "शिकवा, घालतो."
बूट पांढरे, कॅनव्हासचे, शाळेतल्या मुलांचे असतात ते. कॅम्प तीनच्या बाजारातून आणले. दुकानदार म्हणाला, "लेडीज में ऐसा नहीं आता. पीटी का ले जाओ, पैर को क्या मालूम." खरं बोलला.
शिवमंदिराजवळच्या पुलापर्यंत गेलो. येताना ती दोनदा बसली. लोक बघत होते. बघू देत.

७ जून, शुक्रवार
कंपनीला शुक्रवारची सुट्टी. पुन्हा पुलापर्यंत.
कॅम्प तीनच्या डॉक्टरांचं ते वाक्य मनातून जात नाही. "भाभी, शुगर बहुत है. गोली दी है, पर वजन उतारो. नहीं तो कल सुई, परसों पैर." शांताच्या आईचा पाय असाच गेला. आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत, मग आईच. शेवटपर्यंत सगळं शांताने केलं.
दवाखान्यातून निघाल्यावर रिक्षात म्हणाली, "ज्योतीला माझं असं करायला लागू नये. मला तिचं बाळंतपण करायचंय." ज्योती आता बारावीला. त्या दिवसापासून शांताचा भात एक वाटी, भाकरी नाचणीची.

१९ जून
घरात बिनसाखरेचा चहा, सगळ्यांना. ज्योती मला म्हणाली, "बाबा, काढा पिताय का?"
कंपनीच्या कँटीनमध्ये साखरेचा घेतला. घरी यायच्या आधी चूळ भरली. दारात शांता म्हणाली, "कँटीनचा चहा बरा होता का?"

४ जुलै, गुरुवार
मोरेवहिनी चालायला आल्या. स्लिपर घालून. त्यांच्यामागे वस्तीतल्या आणखी काही जणी. आता मी सगळ्या छत्र्यांच्या मागे असतो.
दुधाच्या केंद्रावर साळवेसाहेब भेटले, विहाराचे अध्यक्ष. "जयभीम. रोज पहाटे बायका घेऊन देवळाच्या रस्त्याने कुठे? लोक विचारतात."
"पुलावरून परत फिरतो साहेब. रस्ता नगरपालिकेचा आहे."
"तरी पण. घर झाडलं, पुसलं, की बाईमाणसाचा व्यायाम होतो."
शांताला सांगितलं. म्हणाली, "त्यांच्या मिसेसना विचारा, झाडून झाडून किती बारीक झाल्या." पुष्कळ दिवसांनी ती पोट धरून हसली.

२६ जुलै, शुक्रवार. आषाढ पौर्णिमा
वर्षावास सुरू. आजपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. वाचणारा दरवर्षीप्रमाणे मी.
दुपारी वस्तीचं जेवण होतं. शांता सकाळी गोळी घेऊन स्वयंपाकाला गेली. पंगती नेहमीच्या. आधी पुरुष, मग पाहुणे, मग मुलं. बायका वाढणार, त्या शेवटी. तीनच्या सुमारास आमटीचं पातेलं उचलता उचलता ती खाली बसली. अंगाला घाम, हात थरथरत होते, मला ओळखेना. साळवेसाहेबांनी खिरीची वाटी तिच्या तोंडाला लावली. हळूहळू सावरली. त्यांचे उपकार आहेत, ते लिहिलंच पाहिजे.
पण लगेच सगळ्यांदेखत म्हणाले, "मी सांगत होतो. चालून चालून अंगातलं बळ गेलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही बहुतेक हलवली.

२७ जुलै
अर्धी रजा. डॉक्टर म्हणाले, "चलने से कुछ नहीं हुआ. गोली कब ली?" सकाळी. "और खाना?" मी सांगितलं, तीन वाजले होते, तोंडात काही गेलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोली खाके उपवास? आपके यहाँ औरत को खाना कब मिलता है, भाऊ?"
पंगतीत सगळ्यांच्या शेवटी. घरीही तेच. मी, ज्योती, मग ती. तोवर उपाशी. मग स्वतःचं जेवण आणि वर आमचं उरलेलं, कारण अन्न टाकायचं नाही. मी समजत होतो, तिची भूकच मोठी.

३० जुलै
आज पहिलं ताट शांताचं. बसेना. "तुम्ही बघत बसलात तर घास उतरायचा नाही." मी भिंतीकडे तोंड करून बसलो. ज्योतीने वाढलं. थोड्या वेळाने मागून आवाज, "आमटीत मीठ कमी आहे."
लग्नाला वीस वर्षं झाली. जेवणाला पहिलं नाव आज तिने ठेवलं. बरं वाटलं.

१२ ऑगस्ट
पुलावर आता आम्ही दोघंच. पौर्णिमेच्या प्रकारानंतर एकेकीला घरातून बंदी. मोरेभाऊंनी वहिनींच्या स्लिपर माळ्यावर टाकल्या म्हणे.
शांता म्हणाली, "राहू दे. माझ्यापायी दुसऱ्यांच्या घरात भांडणं नकोत. मी पण घरीच बसते." म्हटलं, आईचा पाय आठव. रागावली. पण चालली.

२३ सप्टेंबर, सोमवार. भाद्रपद पौर्णिमा
आज वाचनात दानाचा भाग. आवाज छान लागला. शेवटच्या माणसापर्यंत गेला असणार.
नंतर समारोपाच्या जेवणाची मीटिंग. पंगतीचा विषय काढायचाच, असं घरून ठरवून निघालो होतो. साळवेसाहेब म्हणाले, "पंगती नेहमीप्रमाणे?" सगळे म्हणाले, नेहमीप्रमाणे. माझं तोंड उघडलं नाही.
घरी येताना शांता म्हणाली, "दुसऱ्याचं लिहिलेलं केवढ्याने वाचता."
मी चालायचा वेग वाढवला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
साळवेसाहेबांच्या घरी गेलो. सांगून टाकलं. समारोपाला पहिली पंगत बायकांची. वाढायचं पुरुषांनी.
"आणि स्वयंपाक? तो पण तूच करणार?"
"शिकवलात तर करीन."
हसले. मग हसू गेलं. "तुला वाचायला बसवलंय, रीत बदलायला नाही. पुढच्या वर्षी वाचायला दुसरा बघू."
"बघा."
एवढाच शब्द. त्यांच्या मिसेसनी मधे चहा आणून ठेवला होता. घेतला तेव्हा कळलं, बिनसाखरेचा.

१५ ऑक्टोबर
पहाटे नाडी बांधायला वाकलो. शांता म्हणाली, "सरका." स्वतः वाकली, स्वतः बांधली. गाठ सैल, वाटेत दोनदा सुटली. दोन्ही वेळा तिनेच बांधली. मी छत्री धरून उभा. थोडं चुकल्यासारखं झालं.
डॉक्टर म्हणतात साखर उतरतेय, गोळी अर्धी करून बघू.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
काल आश्विन पौर्णिमा. ग्रंथ पूर्ण झाला. जेवण उद्या, कंपन्या बंद असतात म्हणून.
पहाटे मेणबत्ती लावून वंदनेला बसलो. मन एका जागी राहत नव्हतं. पंचशील म्हटलं, पुन्हा म्हटलं. त्यात पंगतीचा क्रम कुठे नाही.
ज्योती म्हणाली, "बाबा, उद्या नाही जमलं तर?" शांता भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, पण कान इकडे.
म्हटलं, बघू. वाईट शब्द आहे हा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
बाराला साळवेसाहेबांनी हाक दिली, "चला पुरुष मंडळी, बसून घ्या."
मी उठलो. वाचनाच्या आवाजात म्हटलं, "पहिली पंगत बायकांची."
कोणी हललं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, वाचन परवा संपलं. भूक लागलीय." लोक हसले. बायका चुलीपाशी तशाच.
शांताने पदराला हात पुसले. आली आणि बसली. बसायला अंथरलेल्या एवढ्या लांब पट्टीवर एकटीच. नजर पत्रावळीवर. मी भाताचं पातेलं उचललं. फार जड असतं ते. आजवर ठाऊक नव्हतं.
एक वाटी भात वाढला. ती म्हणाली, "पुरे." सगळ्यांना ऐकू जाईल असं.
मग मोरेवहिनी. "मला पण भूक लागलीय भाऊ, मला कोणी विचारलं नाही." मग साळवेसाहेबांच्या मिसेस, हळूच, टोकाला. मग पट्टी भरली.
साळवेसाहेब चपला घालून निघून गेले. त्यांच्यामागे बरेच जण. मोरेभाऊ दारापर्यंत गेले, परत आले, आमटीची बादली घेतली. वहिनी म्हणाल्या, "सांडू नका." सांडली.
आम्ही उरलेले पुरुष शेवटी बसलो. भात गार. तळाची खरवड माझ्या वाट्याला. खीर बरीच उरली, तर बायका म्हणाल्या, "संपवा आता तुम्हीच. अन्न टाकायचं नाही."
रविवारी मीटिंग आहे. ग्रंथ कपाटात, किल्ली साळवेसाहेबांकडे. पुढच्या आषाढाला कोण वाचेल, कोण कुठल्या पंगतीला बसेल, ठाऊक नाही. मोरेवहिनींनी स्लिपर माळ्यावरून काढल्यात म्हणे, उद्या पुलावर येतात का बघायचं.
पहिलं ताट मी वाढलं. वाढलेलं ताट परत घेत नाहीत.