चेनची ढील

मेहुणेबुवा यांस भाऊजींचा नमस्कार. पाकीट पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत (असं फोनवर सांगतो, तेच तुम्हालाही). तुमची ताई लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता चौदा महिने झाले. नातू चालायला लागला, पण आजीचा पाय काही तिथून निघत नाही.

तर आपली मोटरसायकल. तीच, जिच्या मागे बसून ताईने मला सत्तावीस वर्षं "हळू, हळू" म्हटलं. मागच्या चाकाच्या चक्राचे दात झिजून पार सुळे झाले होते आणि चेन लोंबत होती. गॅरेजवाला म्हणाला, "काका, नवा सेट टाका." सेट आणला, पण म्हटलं बसवणार मी. रविवार रिकामाच होता (सगळेच वार रिकामे असतात, रविवारी ते जरा जास्त जाणवतं). चाक काढायला अर्धा तास लागला, चढवायला तीन, आणि शेवटी एक वॉशर उरला. तो खिशात टाकून विषय मिटवला.

खरी पंचाईत पुढेच. चेन फार ताणली तर तुटते, फार सैल सोडली तर उतरते. पुस्तिका म्हणते, गाडीवर माणूस बसलेला असताना बोटाने दाबून बघा. आता मी बसलो की हात पोचत नाही आणि हात पोचला की मी बसलेला राहत नाही. (दोन्ही एकदम करून पाहिलं. कोपर आता बरं आहे.) मग ताईचं शिलाई मशीन सीटवर बांधलं, तर गाडी मशीनसकट आडवी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांना बसवलं. चेन बघायला दोन मिनिटं लागली. ते मात्र दीड तास बसून आपल्या मूतखड्याची हकिकत सांगत होते, आणि खरं सांगतो, मलाही त्यांनी उठावंसं वाटेना. माणसाचा आवाज कानावर पडला की बरं वाटतं हो.

संध्याकाळी ऐटीत चक्कर मारायला निघालो आणि पहिल्याच कोपऱ्यावर चेन उतरली. ढकलत घरी आणली. असो. ताईला यातलं काही बोलू नका, उगाच जिवाला घोर लावून घेईल.

तुमचा,
भाऊजी

ता. क. बोललात तरी चालेल. कोपराचं थोडं वाढवून सांगा. मशीनचं अजिबात सांगू नका.

आणखी एक ता. क. गॅरेजवाल्याने दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत सगळं सरळ केलं (तो वॉशर फार महत्त्वाचा होता म्हणे). मग त्याने विचारलं, "काका, एकटेच फिरता की मागे कोणी असतं? दोघं बसली की चेन ताणली जाते, त्या हिशोबाने ढील ठेवावी लागते." मी म्हटलं, दोघं असतो. त्यामुळे आता एकटा निघालो की चेन कव्हरवर सारखी खडखडते. तुमचं ती ऐकते. तिला म्हणावं, ये आता. भाऊजी हळू चालवतील.