सासूबाईंची कोठी आणि माझं मशीन

६ एप्रिल २०२५, रविवार
ऑनलाइन मागवलेलं वेल्डिंग मशीन आलं. एका हातात मावतं, घरच्या प्लगवर चालतं. राहात्याच्या बाजार समितीत एवढी तयारी असलेला कारकून मी एकटाच. पहिलं काम ठरलं. धान्याच्या पत्र्याच्या कोठीला पुढच्या अंगाला गंजून हरभऱ्याएवढं भोक पडलंय. कोठी अश्विनीच्या आईची. त्या वारल्यावर हिने पाथर्डीच्या माहेरून एवढी एकच वस्तू मागून आणली. पुढच्या रविवारी तिचे वडील वर्षाचा गहू आणताहेत. काम दहा मिनिटांचं.

७ एप्रिल
सहा व्हिडिओ पाहिले. थिअरी पूर्ण.

९ एप्रिल, सायं. ६
रॉड पत्र्याला चिकटला. ओढल्यावर सुटला, पत्र्यासकट. भोक आता रुपयाएवढं. मोठं भोक बुजवायला सोपं, कडा नीट दिसतात.

१० एप्रिल
करंट वाढवला. भोकं तीन. चौकातले फॅब्रिकेशनवाले रंगनाथभाऊ बघून गेले. म्हणाले, पत्रा कागदावानी हाय, करंट कमी करा, न्हाईतर माझ्याकडं द्या. धंदा जातो म्हणून बोलतात. समजू शकतो.

११ एप्रिल
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. वेल्डिंगची काळी काच न धरता एकदाच बघितलं होतं. प्रत्येक टाक्याला एकदाच. आज विश्रांती.

१२ एप्रिल, शनिवार
तिन्ही भोकांचं एक झालं. म्हणजे संख्या घटली. कोठीवर ठिपक्यांनी ‘सौ. पुष्पावती’ असं नाव घातलेलं होतं. आता ‘सौ. पुष्पा’ आहे. अश्विनीने पाहिलं. भांडली असती तर उत्तर तयार होतं. तिने ताट वाढलं आणि आत जाऊन बसली.

१३ एप्रिल
सासरे, वैजनाथराव, टेम्पोतून गहू घेऊन आले. कोठीपुढे येऊन उभे राहिले. उरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, “मी तिला पुष्पाच म्हनायचो.” गहू गोण्यांतच ठेवला. त्यांना मशीनची माहिती सांगणार होतो. राहून गेलं.

१९ एप्रिल, शनिवार
रंगनाथभाऊंना मी स्वतः बोलावलं. अश्विनीने तीनदा सांगितल्यावर. त्यांनी पत्र्याचं ठिगळ कापून आणलं, बारीक रॉड दिला, करंट निम्म्यावर आणला. म्हणाले, टेकवायचं, उचलायचं, गार हू द्यायचं, मग समोरच्या बाजूला टेकवायचं. मी टेकवलं. उचलायचं राहिलं. ठिगळाचा कोपरा जळाला.

अश्विनी ब्लाऊज शिवते. ती म्हणाली, “अहो, हे कच्चे टाकेच की. आधी लांब लांब घालायचे, मधलं नंतर भरायचं.” माझ्या हातातून होल्डर घेतला, तोंडापुढे काच धरली. तासाभरात ठिगळ बसलं. वेडंवाकडं आहे, पण पाणी ओतून बघितलं, थेंब गळाला नाही. रंगनाथभाऊ म्हणाले, वैनी, दुकानात या की कामाला. ती आठ दिवसांनी हसली.

या सगळ्या वेळात ठिगळ मी धरलं होतं. एका ठिकाणी ते हललं, असं तिचं म्हणणं.

हललं होतं.