चार आणि सहाच्या मधलं पाणी

साजगाव, रविवार

प्रिय मैने,

वसतिगृहाच्या फोनवर पाच मिनिटांच्या वर बोलू देत नाहीत, आणि मला जे सांगायचंय ते पाच मिनिटांत मावणारं नाही. गुरुवारपासून माझं कशात लक्ष नाही. भाकऱ्या थापताना एकटीच हसते. शेजारची आवडीमावशी विचारत होती, लग्न ठरलं काय गं तुझं.

कारखान्याच्या लॅबमध्ये माझं काम काचेची भांडी धुण्याचं, हे तुला माहीत आहे. आमच्या केमिस्ट रुचिता मॅडमनी दोन वर्षांपूर्वी मला पीएच मीटर वापरायला शिकवलं. तुमच्या पुस्तकात त्याला सामू म्हणतात. कांडी पाण्यात बुडवायची, आकडा स्थिर झाला की वहीत लिहायचा. सात म्हणजे साधं पाणी, आणि आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. मला कळत होतं ते एवढंच.

मागच्या महिन्यात एका बीकरमध्ये थोडं आम्ल उरलं होतं, त्याचा सामू दोन. ओतून टाकण्याआधी त्यातलं कपभर वेगळं घेऊन मी त्यात तेवढंच पाणी घातलं. वाटलं, अर्धं पातळ झालं, आता चार येईल. आलं दोन पूर्णांक तीन. मीटर बिघडला म्हणून कांडी धुऊन परत बुडवली, तरी तेच. मग मी हट्टालाच पेटले. उरलेल्यातलं एक कप आम्ल आणि नऊ कप पाणी, तेव्हा कुठे तीन आलं. त्यातला एक कप घेऊन पुन्हा नऊ कप पाणी, तेव्हा चार. मैने, मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसले. आकडा एक घर सरकला की आम्ल दहापट कमी होतं गं. दोन घरं सरकायला शंभरपट. वर्गात हे कधीतरी कानावर पडलं असेल, पण हाताने कप मोजले तेव्हा ते माझं झालं.

आता गुरुवारचं सांगते. मॅडम रजेवर होत्या. धुवणाच्या पाण्याची दहा हजार लिटरची टाकी नाल्यात सोडायची होती. तोच नाला पुढे आपल्या वाडीखालून जातो, जिथे आई कपडे धुते आणि पोरं खेकडे धरतात. मी सामू मोजला तर चार. साडेपाचच्या खालचं पाणी सोडायचं नाही असा नियम आहे, म्हणून आम्ही सहापर्यंत आणतो. सुपरवायझर योगेंद्र साहेबांना सांगितलं, पण त्यांना टाकी लवकर रिकामी हवी होती. ते म्हणाले, सहाला दोनच पॉइंट कमी आहेत, टाकीएवढाच एक टँकर साधं पाणी ओता आणि द्या सोडून.

सहा वर्षांत मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "साहेब, एका टँकरनी नाय होणार. शंभर लागतील."

दोघं कामगार हसले. भांडी धुता धुता तू केमिस्ट कधी झालीस, असं साहेबांनी विचारलं. मी एक कप टाकीतलं पाणी, एक कप साधं पाणी, दोन्ही बीकरमध्ये ओतून मीटर त्यांच्यासमोर ठेवला. चार पूर्णांक तीन. त्यांनी स्वतः कांडी धुतली, पुन्हा बुडवली, आणि मग हळू आवाजात विचारलं, "मग काय करायचं?"

मी म्हटलं, चुना. मॅडमना फोन लावला, त्याही तेच म्हणाल्या, पण थोडा थोडा घाला, ढवळत राहा. चुन्याच्या निवळीच्या दोन बादल्याही पुऱ्या लागल्या नाहीत. सामू सहा पूर्णांक चार आल्यावर पाणी सोडलं. वहीत मोजणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या अक्षरात 'ठकी' लिहिलं. काल मॅडमनी बोलावून सांगितलं, लॅब असिस्टंटची जागा निघतेय, तुझं नाव देते, फक्त बारावी सायन्स पास हवं.

आता खरं सांगते. बुधवारी तुमच्या वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला होता. तू दाखला मागितलास म्हणे, सायन्स सोडून आर्ट्सला जायला. केमिस्ट्री आमच्या घरात कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असं त्यांना म्हणालीस. हे वाक्य माझं आहे, मीच ते तुला ऐकवत आले. आईच्या आजारपणामुळे कॉलेज सोडलं असं मी घरात सांगितलं, तेही खोटं. मी बारावीला केमिस्ट्रीत नऊ मार्कांनी नापास झाले होते, आणि लाजेने निकाल कुणाला दाखवला नाही. तुला आज पहिल्यांदा सांगतेय. त्या विषयाच्या फेरपरीक्षेचा फॉर्म मी काल संध्याकाळी भरला. सामू सोडला तर मला त्यातलं काही येत नाही. मोल म्हणजे काय ते अजून कळत नाही, आणि तुमच्या वर्गात आत्ता तेच चालू आहे. पुढच्या रविवारी मी पुस्तक घेऊन येते. तोवर तो दाखला घेऊ नकोस. मला शिकवायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

तुझीच ताई,
ठकी