तळ्याकाठचा मुक्काम लांबला

प्रिय धाकटे,

सगळ्यात आधी हे वाच, मग मला काय हव्या त्या शिव्या घाल. गोटी सुखरूप आहे. आत्ता माझ्या गुडघ्याला टेकून बसलीये, चमच्याने माती उकरतेय आणि चमचा भरला की 'माशी, घे' म्हणून माझ्या ओंजळीत ओततेय. मावशी म्हणता येत नाही तिला अजून, त्यामुळे मी माशी. तुझे भावजी म्हणतात, नाव अगदी शोभतं, दिवसभर पोरीभोवती घोंगावत असतेस.

आम्ही शहरापासून लांब एका तळ्याकाठी आहोत. झाडांखाली तंबूंसाठी जागा आखून दिल्यात, पाण्याचा नळ टेकाडापलीकडे. इतकी वर्षं कारखान्यात बसून तंबू शिवले, कुणाच्या डोक्यावर पाणी गळू नये म्हणून शिवणीवर शिवण घातली, पण तंबूत झोपायची वेळ पहिल्यांदाच आली. आणि तीही या कार्टीबरोबर! तुझे भावजी पुढे खुंट्या ठोकत जातात, ही मागून उपटत येते. ते म्हणाले, हिला बांधकाम खातं नको, पाडकाम खात्यात चिकटवू. दूध सांडून अंथरुणात मुंग्या झाल्या. झोप म्हटलं की तिला तंबू म्हणजे उड्या मारायचीच खोली वाटते. तिच्यामागे धावून धावून माझी कंबर गेली, आणि तरीही मला वाटत होतं, हा दिवस मावळूच नये.

तू आजारी पडलीस तेव्हा ती मुठीएवढी होती. बाळंतपणानंतर तुझं मन असं अंधारात गेलं की पोर रडली तरी तू भिंतीकडे बघत बसायचीस. तिच्या बापाने तर आधीच पाठ फिरवली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे दिवस बाळाला तुम्ही सांभाळा. आमच्या घरात पाळणा कधी हलला नव्हता. मी तिला दुपट्यात गुंडाळून घरी आणलं तेव्हा मनाला बजावलं होतं, ही आपली नाही, ही ठेव आहे. थोड्या दिवसांचे महिने झाले, महिन्यांची दोन वर्षं. तिचा पहिला दात माझ्या बोटाला लागला. ताप आला की ती माझ्याच छातीवर झोपायची. मनाला बजावायचं कधी बंद झालं, ते माझं मलाही कळलं नाही.

तू बरी झालीस याचा मला आनंद झाला, हे खोटं नाही. तू रोपवाटिकेत कामाला लागलीस, दोन खोल्या घेतल्यास. पण त्या दिवशी फोनवर तू हौसेने सांगितलंस, ताई, तिच्या खोलीची भिंत पिवळी रंगवली. तुला म्हटलं, छान केलंस. फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडले.

रविवारी ठरल्याप्रमाणे तू तिला कायमची न्यायला आलीस तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनाही काही माहीत नव्हतं. त्या जिन्यात तू किती वेळ बसली असशील, कुणाकुणाला फोन केले असशील, याचा विचार मनात आला की मी उठून भांडी घासायला लागते. घासलेलीच पुन्हा घासते. तुझ्या भावजींना दोष देऊ नकोस. त्यांना मी सांगितलं होतं की तुझं येणं पुढे गेलंय, तोवर पोरीला मोकळ्या हवेत नेऊ. त्यांचा फोन मीच कपाटात सरकवला आणि वाटेत 'अगंबाई, राहिला वाटतं' म्हणून हळहळले. माझा बंद करून मोज्यांखाली दडवला. सामानात मी गोटीचे लोकरीचे कपडे भरले होते, पुढच्या थंडीत बसतील असे. इथून पुढे कुठं जाणार होते, विचारशील तर मलाही ठाऊक नव्हतं. फक्त मागे फिरायचं नव्हतं.

काल दुपारी तुझे भावजी नळावर गेले होते. मी स्टोव्हवर तिचं दूध तापवत होते. ते उतू गेलं म्हणून फडकं शोधायला वळले, आणि परत बघते तर तंबूचं मागचं दार उघडं, गोटी नाही. धाकटे, मी आधी तळ्याकडेच धावले. काठावर तिचा एक बूट पडला होता. मी कपड्यांनिशी पाण्यात शिरले, हातांनी चिखल चाचपत राहिले. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मी तुला हाका मारत होते, तिला नाही. तुलाच. जणू तू काठावर उभी होतीस आणि मला तुला जाब द्यायचा होता.

तेवढ्यात वरच्या बाजूच्या तंबूतली एक बाई ओरडली, इकडे आहे, इकडे आहे! गोटी एका पायात बूट घालून त्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाजवळ बसली होती. मी चिखलाने माखलेली, तशीच धापा टाकत गेले. ती बाई गोटीला हसून म्हणाली, बघ, आई किती घाबरली तुझी! गोटीने माझ्याकडे नीट बघितलं. मग मान हलवून म्हणाली, 'ही माशी. आई फोनमधे.' तिथले सगळे हसले. मीही हसले असेन. मग ती माझा ओला पदर ओढून विचारायला लागली, 'आई कधी येणार? फोन दे. आई दे.' तुझा रोजचा फोन बंद झाल्यापासून ती हेच विचारत होती, आणि मी तिला बिस्किटं देऊन गप्प करत होते.

तुझे भावजी आले तेव्हा मी चिखलात बसून सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. नुसते माझ्याशेजारी चिखलात बसले. म्हणाले, धाकटीचं एकदा सगळं गेलं होतं गं, आणि आता आपणच पुन्हा तिचं सगळं घेऊन पळालो? मग तेही रडले. त्यांचंही ती लेकरू आहे, हे मी विसरूनच गेले होते.

फोन मला करवत नाही. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काहीतरी खोटं बोलेन आणि आणखी पुढे निघून जाईन, एवढी मी स्वतःला आता ओळखते. म्हणून हे पत्र. तुझे भावजी ते घेऊन तुझ्या दारात येतील. मुद्दामच त्यांना गाडी न्यायला सांगितलीये, म्हणजे मला इथून हलता येणार नाही. तुझ्या घरी तिला पोचवायचं बळ माझ्या पायांत नाही, धाकटे, तूच ये. हे वाचून होताच गाडीत बस, कपडे बदलत बसू नकोस. वाद नंतर घाल, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणालीस तरी चालेल. पण येशील तेव्हा मी रडायला लागले, पाया पडले, चार दिवस राहू दे म्हणाले, तरी माझं ऐकू नकोस. तिला माझ्या हातातून घे.

तुझीच,
ताई