ओसाकातला धोटा

आबा, मी जपानला जाऊन आले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि तुमची लेक गुडघ्याला पट्टा बांधून, पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन, ओसाका नावाच्या शहरात चार दिवस हिंडून आली. हे ऐकलं असतंत तर तुम्ही आधी हसला असता आणि मग वरळीच्या आपल्या चाळीत एकेका खोलीत जाऊन सांगून आला असता. शेवटी आईनेच "पुरे आता" म्हणत हाताला धरून आत आणलं असतं. ते सांगायला तुम्ही नाही, म्हणून मीच सांगत सुटले आहे. दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं. राहिलात फक्त तुम्ही.

आम्ही तिघी मैत्रिणी गेलो होतो. तिघी एकाच पालिका शाळेतल्या मास्तरणी, तीस वर्षं एका टेबलावर डबे उघडून बसलेल्या. एक गिरगावची. तिकिटं, हॉटेल, नकाशे सगळं तिने ठरवलं, आणि ओसाकात पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक दुकानात "यात मासा नाही ना?" हा एकच प्रश्न विचारत राहिली. दुसरी लालबागची, मूळची मालवणकडची. ती म्हणायची, "मासा नसेल तर खायचं काय गो मग?" मी दोघींच्या मध्ये, दोघींच्याही ताटातलं खाणारी. किल्ला पाहिला. किल्ल्याच्या आत चक्क लिफ्ट आहे आबा, मावळ्यांना कळलं तर काय म्हणतील. बागेतल्या बाकावर बसून गिरगावचीने घरचा चिवडा काढला आणि शेजारच्या म्हाताऱ्या जपानी जोडप्याला दिला. त्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला, वाकून नमस्कार केला, आणि पहिल्याच घासाला मिरची दाताखाली आल्यावर पुन्हा वाकले. आम्ही इतक्या हसलो की माझा पट्टा सुटला.

तिसऱ्या दिवशी लालबागची हट्टाला पेटली. शहराच्या एका कडेला जुन्या मागांचं लहानसं संग्रहालय आहे, ते बघायचंच. तिचे वडील आपल्या शेजारच्याच गिरणीत मागावर कापड विणणारे साचेवाले होते. "आयुष्यभर बाबांनी जे केलं ते मला एकदा चालताना बघायचंय. आपल्याकडे आता काय उरलंय? नुसते टॉवर," ती म्हणाली. गिरगावची कुरकुरत तयार झाली. आबा, त्या दिवशी पाय दुखतो म्हणून हॉटेलवर पडून राहावं, असं माझ्या मनात दोनदा आलं होतं.

तुम्हाला आठवतं ना, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातून तुम्ही परत आलात तो दिवस? मला कालच्यासारखा दिसतो. मी चौथीत आहे. तुमच्या एका पायात चप्पल नाही, अश्रुधुराने डोळे लालभडक झालेत, सदरा खांद्यावर फाटलाय, आणि चेहरा मात्र लग्नघरातून आल्यासारखा. आई घाबरून पाणी आणते. तुम्ही पाण्याला हात न लावता तिला सांगताय, "अगो, मी पडलो तर एका साचेवाल्यानं मला उचलला. स्वतःच्या हातानं गडू माझ्या तोंडाला लावला, आणि मग उरलेलं तो प्याला. त्याच गडूनं! आता बघ, सगळं बदलणार. मी साच्यावर जाणार." आई म्हणते, "आधी डोळे धुवा." तुम्ही रिंगखात्यात सूत काढत होतात, आणि वर्षानुवर्षं तुमची नजर साचेखात्यावर होती. साचेवाल्याला मजुरी जास्त होतीच, पण तुम्हाला ते कामच आवडायचं. सुटीच्या दिवशी आम्हा पोरांना समोर बसवून, सुताची कांडी पोटात घेऊन धोटा मागावर इकडून तिकडे कसा पळतो ते रिकाम्या हातांनी दाखवायचात.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी प्रत्येकाला वडील काय करतात ते विचारलं. मी उभी राहून ठणठणीत आवाजात सांगितलं, "साचेवाले." आणि त्याच आठवड्यात तुम्ही साचेखात्यात माणसं लावणाऱ्या जॉबरकडे गेलात. जॉबर वाईट माणूस नव्हता, मोर्च्यात तोही होता. तो काय म्हणाला ते तुम्ही आईला सांगताना मी पांघरुणातून ऐकलं. "माझं काय नाय रे. पण धोटा तोंडाला लावावा लागतो. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडात. बाकीचे साचेवाले साचे बंद ठेवतील." धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वासाने बाहेर ओढायचं, ही तिथली रीत. त्या एवढ्याशा भोकापाशी आपली जात आडवी आली. रस्त्यावर गडू चालला, खात्यात धोटा चालला नाही. आईने दिवा बारीक केला.

माझी शाळेतली फुशारकी तुमच्या कानावर गेलीच. तुम्ही मारलं नाहीत. मोरीपाशी उभं केलंत आणि म्हणालात, "काय गो, बापाची लाज वाटली? मी सूत काढतो. माझ्या सुताशिवाय त्यांचा साचा चालतोय का? उद्या बाईंना जाऊन खरं सांग. लाजायचं त्यांनी, आपण नाय." दुसऱ्या दिवशी मी उठून सांगितलं, "बाई, माझे वडील रिंगखात्यात आहेत." पोरं हसली. बाईंनी "बस" म्हटलं. मी खाली बघितलं नाही. पुढे स्वतः बाई झाल्यावर वर्गात तो प्रश्न मी कधीच कुणाला विचारला नाही.

तर ते संग्रहालय. एक म्हातारे जपानी गृहस्थ माग चालवून दाखवत होते. धोटा सुटला आणि तो आवाज कानावर पडला तशी लालबागची तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. त्या गृहस्थांच्या मदतीला असलेल्या मुलीला इंग्रजी येत होतं. तिच्यामार्फत लालबागचीने विचारलं, सूत तोंडाने ओढतात ना? म्हातारे हसले. आता आम्ही तारेचा आकडा वापरतो, म्हणाले, पण माझ्या आईने जन्मभर तोंडानेच ओढलं. मग लालबागची माझ्याकडे वळली. "बाबा असंच करायचे गं. तुझे बाबा पण साच्यावरच होते ना?" तीस वर्षं एका टेबलावर जेवलो आणि हे तिने कधी विचारलं नव्हतं, मीही कधी सांगितलं नव्हतं. चौथीतली मी परत उभी राहिले, आबा. म्हटलं, "नाही. रिंगखात्यात. आम्हाला साच्यावर घेत नव्हते." "का?" तिने विचारलं. मी त्या म्हाताऱ्यांच्या हातातल्या धोट्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे.

मग लालबागचीने म्हाताऱ्यांकडून धोटा मागून घेतला आणि माझ्या हातात ठेवला. "पहिली तू," ती म्हणाली. "मग मी."

मी ओठ लावले. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही तेच, आणि माझी कवळी हलली. गिरगावची कॅमेरा रोखून ओरडली, "अगं, जोरात ओढ, सरबत पितेयस का!" तिसऱ्यांदा तुमचं नाव घेऊन श्वास ओढला आणि सूत जिभेवर आलं. कापसाचा बारीक तूस, लाकडाचा वास. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते टोक दोन बोटांत धरून उभी राहिले आणि मोठ्याने, मराठीत, त्या जपानी माणसाला सांगितलं, "माझे वडील सूत काढायचे." त्यांना काय समजलं कोण जाणे, पण ते कमरेत वाकले. इतका अभिमान मला हेडबाई झाले तेव्हासुद्धा वाटला नव्हता, आबा. त्यानंतर लालबागचीने धोटा घेतला आणि ओठांना लावला. तिला पहिल्याच झटक्यात जमलं. रक्तातच होतं म्हणायचं तिच्या.

तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय, तुमच्या फोटोच्या शेजारी. नातू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, आजीने जपानमध्ये माग चालवला. मी त्याला म्हणते, माग नाही रे, धोटा, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगते. सून आता चहा टाकायला उठून जाते, पण नातवाला दर वेळी नवीनच वाटते.

हे पत्र पासपोर्टच्या पाकिटात ठेवते आहे, आणखी कुठे जाणार ते? पण ठेवण्याआधी एक सांगते. गोष्ट सांगताना मी तेवढंच दर वेळी गाळते, आणि ते फोटोतही आलेलं नाही. माझं सूत ओढून झाल्यावर लालबागचीने धोट्यासाठी हात पुढे केला, तेव्हा देण्याआधी मी तो ओढणीने पुसला, आबा. तिने पुसायला सांगितलं नव्हतं. माझा हात आपणहून गेला.